होम फोल्डरातलं बिऱ्हाड

सरकारी कचेरी असो, बँकेची शाखा असो नाहीतर कॉलेजची लॅब, नवं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की पडदा क्षणभर अंधारतो आणि मधोमध एक चौकट उभी राहते. कोपऱ्यात निळी-पिवळी ढाल, खाली अ‍ॅडमिनच्या पासवर्डासाठी रिकामी जागा. पासवर्ड आयटीवाल्यांकडे. त्यांच्याकडे तिकीट टाकायचं, साहेबांची मंजुरी आणायची, आणि एवढं करून ‘हे तुम्हाला कशाला हवंय?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं. बहुतेक माणसं इथेच नाद सोडतात. काहीजण मात्र ‘नाही’वर क्लिक करून दुसरी वाट शोधतात, आणि पुष्कळदा ती सापडतेही.

या वाटेत चोरीछुपं काही नाही. कॉम्प्युटर प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या नावाचा एक फोल्डर देतो. विंडोजमध्ये तो ‘यूजर्स’च्या आत असतो, लिनक्समध्ये ‘होम’च्या आत. त्यात काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. प्रोग्रॅम म्हणजे तरी शेवटी फाइलीच. मग त्या इथेच ठेवून इथूनच चालवल्या तर अ‍ॅडमिनला विचारायचं कारण उरत नाही. ऑफिसचा नियम काय म्हणतो, हा वेगळा मुद्दा. तो मोडला तर कॉम्प्युटर अडवेलच असं नाही, पण साहेब अडवू शकतात.

ढालीमागची कल्पना जुनी आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची जुळणी सुरू केली, तेव्हा कॉम्प्युटर ही एकट्याच्या टेबलावरची वस्तू नव्हतीच. एका यंत्राला अनेक टर्मिनलं, प्रत्येक टर्मिनलवर वेगळा माणूस. एकाच्या चुकीने सगळ्यांचं काम बुडू नये म्हणून ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी, त्याचा क्रमांक शून्य, आणि बाकीचे आपापल्या कोपऱ्यात. यातही एक गंमत आहे. आज लिनक्सचे बहुतेक सगळे प्रोग्रॅम ज्या ‘यूएसआर’ डिरेक्टरीत असतात, ती सुरुवातीला वापरकर्त्यांचीच होती. मुख्य डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा सिस्टिमच्या फाइली तिथे येऊन बसल्या. पुढे त्यांचा पसारा एवढा वाढला की वापरकर्त्यांनाच बाहेर काढून ‘होम’मध्ये हलवावं लागलं. मालकाने भाडेकरूच्या खोलीत आपलं सामान ठेवत ठेवत शेवटी बिऱ्हाडच हलवायला लावावं, तसा हा प्रकार.

पर्सनल कॉम्प्युटरच्या जगाला ही शिस्त उशिरा लागली. एमएस-डॉसला वापरकर्ता ही कल्पनाच ठाऊक नव्हती. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये लॉगिनची चौकट यायची खरी, पण ती रद्द केली तरी आत जाता यायचं. खऱ्या परवानग्या होत्या त्या १९९३ च्या विंडोज एनटीत, आणि एनटी असायची कंपन्यांत. २००१ मध्ये एक्सपीने घरगुती आणि व्यावसायिक या दोन शाखा एकत्र आणल्या, तरी घरोघरच्या एक्सपीवर जो तो अ‍ॅडमिन म्हणूनच वावरत होता. सॉफ्टवेअर लिहिणारेही तेच गृहीत धरून चालत. त्यांचे प्रोग्रॅम सेटिंग्ज, हायस्कोअर, लॉग असलं सगळं बेधडक ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहीत.

जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी बाजारात आलेल्या व्हिस्टाने ही सवय मोडायची ठरवली. ढालीची चौकट तेव्हाची. लोकांनी तिला भरपूर शिव्या घातल्या, पण व्हिस्टाने आणखी एक कारागिरी केली होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. जुना प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेला, की विंडोज त्याला अडवायची नाही. ती फाइल ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात, म्हणजे वापरकर्त्याच्याच जागेत, गुपचूप वळवायची. प्रोग्रॅमला वाटायचं आपण सिस्टिमच्या जागेत लिहिलं. पुन्हा वाचायला आला, की त्याच्यापुढे हीच प्रत ठेवली जायची. एकाच कॉम्प्युटरवर दोघांना एकाच प्रोग्रॅमची वेगवेगळी सेटिंग्ज का दिसतात, हे कोडं सोडवताना त्या काळी अनेक आयटीवाल्यांनी डोकं धरलं असणार.

मुळात अ‍ॅडमिनची गरज लागते कशाला? ड्रायव्हर टाकायचा असेल तर लागते, कारण तो थेट कर्नलमध्ये जाऊन बसतो. कुणी लॉगिन केलेलं नसतानाही चालणारी सर्व्हिस हवी असेल तर लागते. सगळ्या वापरकर्त्यांसाठी एकच प्रत ठेवायची असेल, तर अर्थातच लागते. लिनक्सवर १०२४ च्या खालचा नेटवर्क पोर्ट उघडायलाही एरवी रूटच लागतो. पण चित्रं काढायचा प्रोग्रॅम, एडिटर, ब्राउझर, हिशेबाची शीट, गाणी वाजवणारं काहीतरी, यांना यातलं काहीच नको असतं. वापरकर्त्याच्या फाइली उघडायच्या, पडद्यावर दाखवायच्या आणि परत लिहायच्या, एवढंच त्यांचं काम. तरीही वर्षानुवर्षं त्यांचे इन्स्टॉलर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत राहिले. यात गरजेपेक्षा सवयीचा भाग मोठा होता.

ती सवय मोडल्याचा सगळ्यात मोठा फायदा झाला गूगलला. २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम आला, तो सरळ वापरकर्त्याच्या फोल्डरात उतरणारा. विंडोजमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो. एरवी तिथे प्रोग्रॅमांनी आपली सेटिंग्ज आणि तात्पुरत्या फाइली ठेवायच्या. क्रोमने तिथे अख्खा संसार मांडला. ऑफिसात इंटरनेट एक्सप्लोररशिवाय दुसरं काही मिळणार नाही असं सांगितलेल्या कर्मचाऱ्याला आता कुणालाही न विचारता नवा ब्राउझर वापरता येत होता. दुसरा फायदा त्याहून मोठा होता. फोल्डर वापरकर्त्याचाच असल्यामुळे क्रोम मागच्या मागे स्वतःला अपडेट करू शकत होता. ना चौकट, ना पासवर्ड. सुरक्षेतली भोकं वेळेवर बुजवायची तर हे फार मोलाचं. आज क्रोमचा नेहमीचा इन्स्टॉलर आधी अ‍ॅडमिनची परवानगी मागून पाहतो. ती मिळाली नाही, तर फार भाव न खाता वापरकर्त्याच्या फोल्डरात उतरतो. विंडोजवर फायरफॉक्सही असंच करतो.

हा किस्सा बाकीच्यांनी नीट पाहून ठेवला. स्लॅक, डिस्कॉर्ड, झूम, सगळ्यांनी अ‍ॅपडेटात बिऱ्हाडं थाटली. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये व्हीएस कोड या आपल्या एडिटरसाठी वापरकर्त्यापुरता वेगळा इन्स्टॉलर काढला, आणि शक्यतो हाच वापरा असं सांगितलं. कारण तेच, अपडेटची कटकट मिटते.

आयटीवाल्यांच्या बाजूने पाहिलं, तर यात डोकेदुखीच जास्त. एका कॉम्प्युटरवर तीस विद्यार्थी लॉगिन करत असतील, तर एकाच प्रोग्रॅमच्या तीस प्रती. कुणी काय टाकलंय याची यादी एका जागी मिळत नाही. विंडोजच्या ‘अ‍ॅप्स’मध्ये ज्याने टाकलं त्यालाच ते दिसतं. आठ महिने लॉगिन न केलेल्या माणसाच्या फोल्डरात आठ महिन्यांपूर्वीचा ब्राउझर तसाच पडून असतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या टीम्सने तर हद्द केली होती. ‘सगळ्यांसाठी’ म्हणून जो इन्स्टॉलर मिळायचा, तोही प्रत्यक्षात प्रत्येकाच्या पहिल्या लॉगिनला त्याच्या फोल्डरात स्वतंत्र प्रत उतरवायचा. एका सर्व्हरवर शेकडो माणसं काम करतात अशा ठिकाणी हे किती महागात पडत असेल, याचा अंदाज करावा. २०२३ मध्ये आलेल्या नव्या टीम्सने ही पद्धत सोडली आणि सगळ्यांसाठी एकच प्रत ठेवायला सुरुवात केली.

इन्स्टॉल हा प्रकारच नको, असं म्हणणारा एक पंथ क्रोमच्याही आधी निघाला होता. २००४ मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्सची एक आवृत्ती केली, जी पेनड्राइव्हवरून चालायची. तिची बुकमार्कं आणि सेटिंग्जही पेनड्राइव्हवरच राहायची, समोरच्या कॉम्प्युटरवर मागे काही उरायचं नाही. त्यातूनच पुढे ‘पोर्टेबल अ‍ॅप्स’चा मोठा संग्रह उभा राहिला. सायबर कॅफेच्या त्या दिवसांत ही मोठीच सोय होती. ओपनऑफिसपासून गिम्पपर्यंत सगळं खिशात घेऊन फिरता यायचं. तिला ओहोटी लागली ती पेनड्राइव्हच संशयित ठरला तेव्हा. २००८ च्या अखेरीस कॉन्फिकर नावाचा वर्म पसरला, त्याचा एक मार्ग पेनड्राइव्हच्या ऑटोरनमधून जायचा. यूएसबी पोर्ट बंद करून टाकणाऱ्या ऑफिसांना आणखी एक कारण मिळालं. पोर्टेबल प्रोग्रॅम मात्र पेनड्राइव्हवाचूनही चालतो. झिप उतरवायची, डॉक्युमेंट्समध्ये उलगडायची आणि डबल-क्लिक करायचं.

मराठीत काम करणाऱ्यांना हा अ‍ॅडमिनचा अडसर फार पूर्वीपासून परिचयाचा आहे, तो फॉन्टच्या निमित्ताने. युनिकोड रुळण्याआधी कितीतरी मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या स्वतंत्र फॉन्टांत असायचा. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. आणि विंडोज २००० किंवा एक्सपीवर साध्या खात्यातून फॉन्ट टाकता येत नसे, कारण सगळे फॉन्ट सिस्टिमच्या एकाच फोल्डरात जात. विंडोजमधला हा अडसर निघायला २०१८ उजाडलं. विंडोज १० च्या त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या अपडेटनंतर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फॉन्ट उतरवला आणि राइट-क्लिक केलं, तर दोन पर्याय दिसतात. नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं तर फॉन्ट आपल्यापुरता, आपल्या अ‍ॅपडेटात. ‘सगळ्यांसाठी इन्स्टॉल’ म्हटलं की शेजारी ढाल आलीच. मॅकवर आणि लिनक्सवर हे आधीपासून होतं. मॅकवर होमच्या लायब्ररीत, लिनक्सवर होममधल्या एका लपवलेल्या फोल्डरात फॉन्टाची फाइल टाकली की काम झालं.

आता लिनक्सकडे. इथे होममध्ये प्रोग्रॅम टाकायची परंपरा जुनी, आणि फजितीची परंपराही तितकीच जुनी. कॉलेजच्या लॅबमधल्या उबुंटूवर एखाद्या विद्यार्थिनीला ब्लेंडर हवाय असं धरू. थ्रीडी चित्रांचा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, आणि त्याच्या साइटवर लिनक्ससाठी एकच गाठोडं असतं, काही शे एमबीचं. ते होममध्ये उलगडलं आणि आतल्या ‘ब्लेंडर’ फाइलवर क्लिक केलं, की ब्लेंडर चालू. पायथनसकट त्याला जे जे लागतं त्यातलं बहुतेक सगळं गाठोड्यातच असतं. इथवर सगळं सुरळीत.

दुसऱ्या दिवशी ती टर्मिनलमध्ये नुसतं ‘ब्लेंडर’ टाइप करते आणि उत्तर येतं, अशी कमांड सापडली नाही. कारण टर्मिनल नाव ऐकून सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. ‘पाथ’ नावाच्या यादीत जेवढे फोल्डर लिहिलेत तेवढेच ते पाहतं. होममध्ये ‘डॉट-लोकल’ नावाचा लपवलेला फोल्डर आणि त्याच्या आत ‘बिन’ केला, त्यात ब्लेंडरकडे बोट दाखवणारी एक लिंक ठेवली, तर काम व्हायला हवं. तरी होत नाही. उबुंटूमध्ये हा फोल्डर यादीत घातला जातो तो लॉगिनच्या वेळी, आणि तोही तेव्हा तो अस्तित्वात असेल तरच. फोल्डर आत्ता केला, लॉगिन सकाळचं. लॉगआउट करून पुन्हा आत आलं की सगळं ठीक. ज्याला हे ठाऊक नाही तो अर्धा दिवस स्वतःच्या स्पेलिंगवर संशय घेत बसतो.

मग मेनूतलं चित्र. त्यासाठी एक छोटी मजकुराची फाइल लागते. तिच्यात प्रोग्रॅमचं नाव, कुठली फाइल चालवायची, आयकॉन कुठला, असं ओळीओळीने लिहिलेलं असतं. ब्लेंडरच्या गाठोड्यात ती तयारच मिळते. पण तिच्यात फक्त ‘ब्लेंडर’ एवढंच लिहिलेलं; तो कुठे ठेवलाय याचा पत्ता नाही. म्हणून ती होममधल्या ठरलेल्या फोल्डरात ठेवायची आणि तिच्यात पूर्ण पत्ता घालायचा. पूर्ण म्हणजे अगदी मुळापासून. टर्मिनलमध्ये होमसाठी चालणारं ते नागमोडी चिन्ह इथे चालत नाही. प्रोग्रॅमलाच काय, पण त्याच्या आयकॉनलासुद्धा परवानगीपेक्षा पत्त्याचीच अडचण जास्त.

होममधल्या इन्स्टॉलची खरी मेख हीच आहे. पुष्कळ प्रोग्रॅम तयार होतानाच आपण कुठे राहणार हे मनाशी पक्कं करून टाकतात. आपल्या लायब्ऱ्या ‘यूएसआर’च्या अमुक फोल्डरात, आपली चित्रं तमुक फोल्डरात, हे पत्ते त्यांच्या बायनरीतच कोरलेले असतात. तयार पॅकेज उघडून होममध्ये ठेवलं, तरी ते बिचारं यूएसआरमध्येच शोधत राहतं. सोर्स कोड मिळाला तर यावर उपाय आहे. कंपाइल करण्याआधी ‘कॉन्फिगर’ला ‘प्रीफिक्स’ म्हणून होमचा पत्ता द्यायचा, मग ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’; प्रोग्रॅम तो पत्ता घेऊनच जन्माला येतो. पण एका प्रोग्रॅमला दहा लायब्ऱ्या लागतात, त्यांना आणखी वीस, आणि प्रत्येकीला पुन्हा तेच सोपस्कार. मग कुणीतरी सुचवतं की ‘एलडी लायब्ररी पाथ’ नावाचं एक व्हेरिएबल आहे, ते कायमचं बसवून टाक. या सल्ल्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं. नव्या प्रोग्रॅमसाठी आणलेली लायब्ररी मग सिस्टिमच्या इतर प्रोग्रॅमांच्याही गळ्यात पडते, आणि आजवर नीट चाललेलं काहीतरी अचानक कोसळतं.

सगळ्यांच्या तळाशी असते जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालतो. उलट सहसा चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याचा दणका एकाच वेळी पुष्कळांना बसला. व्हीएस कोड दूरच्या सर्व्हरवर काम करू शकतो. त्यासाठी तो सर्व्हरवरच्या वापरकर्त्याच्या होममध्ये आपला एक भाग परस्पर नेऊन ठेवतो. अ‍ॅडमिनला विचारावंच लागत नाही, हेच त्याच्या लोकप्रियतेचं कारण. पण त्या महिन्यातल्या आवृत्तीने जीलिबसी किमान २.२८ मागितली. सेंटओएस ७ या लिनक्सवर होती २.१७. जगभरातल्या कितीतरी विद्यापीठांचे आणि कंपन्यांचे सर्व्हर अजून त्याच सेंटओएसवर होते. सकाळी एडिटरने नेहमीप्रमाणे स्वतःला अपडेट करून घेतलं आणि सर्व्हरशी जोडणीच होईना. आरडाओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने जुन्या सिस्टिमना काही काळापुरती मुभा परत दिली. स्वतःला आपोआप अपडेट करून घेण्याचा गुण इथे अंगाशी आला.

पत्त्याच्या या भानगडीला कंटाळलेल्यांत लिनस टोरवाल्ड्सही होते. सागरी डुबक्यांची नोंद ठेवणारा सबसर्फेस नावाचा एक प्रोग्रॅम त्यांनी सुरू केला होता. २०१४ च्या डेबकॉन्फ परिषदेत त्यांनी उघड तक्रार केली की विंडोजसाठी आणि मॅकसाठी आम्ही तयार प्रती देतो, पण लिनक्ससाठी देणं म्हणजे वैताग आहे. ज्यांनी लिनक्सचा कर्नल लिहिला त्यांनीच हे म्हणावं! पुढे सबसर्फेस अ‍ॅपइमेज म्हणून मिळू लागला. अ‍ॅपइमेजची कल्पना सायमन पीटर यांची. २००४ मध्ये त्यांनी ‘क्लिक’ नावाने पहिला प्रयोग केला होता. अख्खा प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ऱ्यांसकट, एकाच फाइलीत. ती फाइल उतरवायची, चालवण्याची परवानगी द्यायची, डबल-क्लिक. ही परवानगी आपल्याच फाइलीला आपणच देतो, अ‍ॅडमिनचा संबंध नाही. नको झालं तर फाइल पुसायची. अर्थात इथेही खाचखळगे आहेत. आतल्या फाइली दिसाव्यात म्हणून ती ‘फ्यूज’ नावाच्या सोयीवर विसंबते, आणि उबुंटू २२.०४ मध्ये त्या सोयीची जुनी लायब्ररी आधीपासून दिलेली नव्हती. ती टाकायला लागतो अ‍ॅडमिन! सुदैवाने अ‍ॅपइमेजला स्वतःला उलगडून ठेवायला सांगता येतं. फोल्डर मोठा होतो, पण काम अडत नाही.

फ्लॅटपॅकची तऱ्हा वेगळी. रेड हॅटच्या अलेक्झांडर लार्सन यांनी २०१५ मध्ये ते दुसऱ्या नावाने आणलं, २०१६ मध्ये त्याचं आत्ताचं नाव पडलं. एरवी ते सगळ्यांसाठी इन्स्टॉल करतं. ‘यूजर’ असा एक शब्द जोडला की सगळं होममध्ये. पहिला प्रोग्रॅम टाकताना त्याच्यासोबत रनटाइम म्हणून काही शे एमबी उतरतात, तेव्हा मोबाइलच्या डेटावर असणाऱ्याने जरा जपून. त्या बदल्यात प्रोग्रॅम आपल्याच कोंडाळ्यात चालतो, आणि त्याला यूएसआरच्या फोल्डरात सोबतच्या रनटाइमचंच सामान दिसतं. पत्त्याचा प्रश्न असा मुळातूनच मिटतो. साध्या वापरकर्त्याला असं वेगळं जग उभं करू देणारी कर्नलची सोय २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये आली. तिच्यातूनच सुरक्षेची भोकंही सापडत गेली, म्हणून डेबियनने कितीतरी वर्षं ती बंदच ठेवली होती, आणि उबुंटू २४.०४ ने तिच्यावर पुन्हा लगाम घातला. परिणामी जे प्रोग्रॅम सुरक्षेसाठीच तिचा वापर करत होते, त्यांतले काही अ‍ॅपइमेज सुरूच होईनात.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे, तर दुसरी बाजूही पाहायला हवी. सप्टेंबर २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर पसरला. ईमेलसोबत आलेली फाइल उघडली की हा प्रोग्रॅम अ‍ॅपडेटात एखादं अगम्य नाव घेऊन बसायचा, वापरकर्त्याची डॉक्युमेंट्स, फोटो, हिशेब कुलूपबंद करायचा आणि पैसे मागायचा. त्याने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला नाही, कारण त्याला तो लागतच नव्हता. ज्या फाइली त्याला हव्या होत्या त्या सगळ्या वापरकर्त्याच्याच हक्काच्या. जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर वापरकर्त्याला लिहिता येत असेल, तर त्याही गेल्या. क्रोम ज्या दारातून आला, त्याच दारातून हाही आला. त्यानंतर अनेक अ‍ॅडमिननी अ‍ॅपडेटातून काहीही चालवायला बंदी घातली, आणि ड्रॉपबॉक्स, स्पॉटिफाय यांच्यासारखे सज्जन भाडेकरूही रस्त्यावर आले. विंडोजच्या अ‍ॅपलॉकरचे तयार नियम आजही तसेच आहेत. साध्या वापरकर्त्याला विंडोजच्या आणि प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरांतलं चालवता येतं, बाकी नाही. ऑफिसात झिप उलगडून चालवलेला प्रोग्रॅम ‘तुमच्या अ‍ॅडमिनने रोखला आहे’ म्हणतो, तो बहुधा अशाच एखाद्या नियमामुळे.

याच २०१३ मध्ये रँडल मनरो यांच्या एका व्यंगचित्राने नेमकी हीच विसंगती पकडली होती. लॉगिन केलेला लॅपटॉप चोराच्या हाती लागला तर तो मेल वाचेल, बँकेतले पैसे काढेल. ड्रायव्हर मात्र त्याला परवानगीशिवाय टाकता येणार नाही! हसू येतं, पण मुद्दा खरा आहे. सिस्टिमचे फोल्डर एका दुपारी पुन्हा भरता येतात. घरच्या कॉम्प्युटरवर ज्याला जपायचं ते वापरकर्त्याच्या फोल्डरातच असतं, आणि ढाल पहारा देते ती दुसरीकडेच. म्हणून होममध्ये प्रोग्रॅम टाकताना तो कुठून घेतोय याची खातरी अ‍ॅडमिनइतकीच काटेकोरपणे करायला हवी. पासवर्ड विचारला नाही म्हणजे धोका नाही, असं बिलकूल नाही.

अ‍ॅडमिनचे हक्क कुणालाच द्यायचे नाहीत आणि तरीही प्रत्येकाने हवं ते सॉफ्टवेअर टाकावं, असा रिवाज असलेली एक जागा आहे, ती म्हणजे सुपरकॉम्प्युटर. पुण्याच्या सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० केला, आणि आता राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. अशा यंत्रावर काम करणाऱ्या कुणाही संशोधकाला रूट मिळत नाही. कुणाला हवामानाचं मॉडेल चालवायचंय, कुणाला रेणूंचं, आणि प्रत्येकाला लायब्ऱ्यांच्या वेगळ्या आवृत्त्या हव्यात. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत टॉड गॅम्ब्लिन यांनी २०१३ मध्ये स्पॅकची सुरुवात केली ती अशाच गरजेतून. स्पॅक सगळं वापरकर्त्याच्या फोल्डरात कंपाइल करतं, एकाच लायब्ररीच्या चार आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतं, आणि कुणी कुठल्या पत्त्यावर पाहायचं हे प्रत्येक बायनरीत स्वतःच लिहून टाकतं. वर ज्या दहा-वीस लायब्ऱ्यांची रड होती, ती इथे एका कमांडमध्ये संपते. कंपाइल व्हायला रात्र गेली तरी.

पायथनवाले कॉन्डाकडे वळतात. मिनिकॉन्डा होममध्ये बसतं, तयार पॅकेजं उतरवतं आणि त्यांच्यात कोरलेला पत्ता इन्स्टॉल करतानाच खोडून नवा घालतं. सोयीचं आहे, फक्त एका एनव्हायर्नमेंटमध्ये हजारो बारीक फाइली होतात. अशी पाच-सहा जमली, की जागा शिल्लक असूनही फाइलींच्या संख्येचा कोटा भरतो आणि जॉब मध्येच बंद पडतो. बऱ्याच केंद्रांत मग अ‍ॅपटेनर वापरायला सांगतात. ग्रेगरी कुर्ट्झर यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत २०१५ मध्ये सुरू केलेल्या सिंग्युलॅरिटीचं हे आजचं रूप. सगळी सिस्टिम, लायब्ऱ्या, पायथन, मॉडेल, असं सारं एकाच फाइलीत बांधायचं आणि ती फाइल होममधून चालवायची. कोट्याच्या हिशेबात हजारो फाइलींच्या जागी एकच. ती स्वतःच्या लॅपटॉपवर तयार करून सुपरकॉम्प्युटरवर नेता येते. तिथली जीलिबसी कुठली, याची चौकशी करावी लागत नाही. कर्नल मात्र तिथलाच वापरावा लागतो, आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही. तो जुना असेल, तर केंद्राच्या अ‍ॅडमिनला मेल टाकून पुढच्या मेंटेनन्सच्या दिवसापर्यंत थांबावं लागतं.